धाकट्या जावंचं बॉन व्हॉयाज

अख्ख्या छावणीत परदेशी भाषेत जेवू घालणारी बाई एकच, ती म्हंजे माझी धाकटी जाऊ. ताटात पिठलं-भाकर का असंना, वाढून झालं की म्हणणार, “बॉन अपेटी!” म्हंजे म्हणं पोटभर जेवा. शिकलेली चौथी, पण एका मेजरच्या बंगल्यावर वीस वर्सं सैपाक केला अन् मेमसाबचे शब्द उचलून आणले. तीच वीस वर्सं म्या वाळूजला विटा वाहिल्या. विटांनी काय शिकवावं? लई जळायची मी तिच्यावर, खोटं कशाला बोलू. एकदा नात म्हणली, “आजी, हे शब्द इंग्रजीचे बी नायत. फ्रान्सचे हायत, इंग्रजांनी उसने घेतलेत.” तवा जिवाला जरा थंडावा मिळाला. म्हंजे बाईचा सगळा तोरा उसन्याचा उसना!

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिनं चिठ्ठ्या वाटल्या, खाली आर.एस.व्ही.पी. येणार का नाय ते आधी कळवायचं. सगळ्या बाया कळवून आल्या. म्या नाय कळवलं. सख्ख्या जावंला काय कळवायचं? तसीच गेले अन् वाण घेऊन आले. रेशनच्या रांगेत एकदा कपाळाला हात लावून म्हणती, “आक्का, मला देजा वू झालं!” म्या घाबरून पाण्याची बाटली काढली. तर म्हणं, हे आधी घडल्यासारखं वाटतंय. म्हणलं, “अगं बये, घडलंयच की! दर महिन्याला हितंच तर उभ्या ऱ्हातो!”

पण खरी आग लागली ती नात बंगलोरला नोकरीला निघाली तवा. तिची आई गेल्यापासून म्याच वाढवलेली पोर. पहाटं उठून दशम्या केल्या, स्टँडवर गेले, अन् तोंडातून निघालं काय, तर “डबा सांभाळ.” जाऊ फुडं झाली, हात हलवत म्हणली, “बॉन व्हॉयाज, बेटा!” पोर खळखळून हसली अन् तिच्याच गळ्यात पडली. माझ्या नुसती पाया पडली.

गाडी गेली. म्या रागानंच इचारलं, “काय म्हणली गं तू तिला?”

“सुखानं जा, म्हणले.”

“एवढंच? मग मराठीत म्हणाया काय झालतं?”

तिनं पदर डोळ्याला लावला. “मराठीत म्हणले असते तर रडले असते, आक्का. पोरीचा पाय निघाला नसता.”

म्या तिचा हात धरला अन् चालत घराकडं निघालो. वाटंत वाटलं, आपल्यालाबी असा एखादा परका शब्द येत असता, तर पोरीला हसत लावून दिलं असतं.