आमच्या व्याह्यांची अमेरिकेतली आत्या

जगात ज्या ज्या माणसावर अन्याय झाला तो तो आपल्या नात्यातला, असे ठामपणे मानणारा गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तोही माझ्या मुलीचा सासरा निघाला. मी दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. वारसांची असंख्य प्रकरणे माझ्या हाताखालून गेली. पण या गृहस्थांची वंशावळ कोणत्याही न्यायालयाने दाखल करून घेतली नसती. मुलीच्या लग्नाची बोलणी करायला नाशिकरोडला त्यांच्या घरी प्रथम गेलो, तेव्हा बैठकीच्या भिंतीवर सात-आठ कृष्णवर्णीय, भारदस्त चेहरे ओळीने टांगलेले होते. "ही मंडळी कोण?" मी विचारले. "ही आमची आत्या," एका चष्मेवाल्या बाईंकडे बोट दाखवून ते म्हणाले. "अमेरिकेतली. गोऱ्यासाठी बसमधली जागा सोड म्हणले, तर उठली नाय. हे आप्पा, आफ्रिकेतले. सत्तावीस वर्षं तुरुंगात काढली. अन् ही थोरली आक्का. गुलामीतून सुटून पळाली, अन् बाकीच्यांना आणायला पुन्हा पुन्हा माघारी गेली." मी नावे विचारली. "थोरल्यांना नावानं हाक मारीत नाय आमच्यात," ते शांतपणे म्हणाले. परतताना माझी पत्नी म्हणाली, "माणूस चक्रम आहे, पण पोरगी सुखात राहील." दोन्ही विधाने पुढे सिद्ध झाली.

व्याही मूळचे चांदवडकडचे. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून उमेदीची सगळी वर्षे काढली होती. भिंतीवरच्या प्रत्येक तसबिरीची चौकट त्यांनी कारखान्याच्या भंगारातल्या पट्टीची स्वतः बनवलेली होती आणि भंगार बाहेर नेण्याचा गेटपास प्रत्येकीच्या पाठीमागे चिकटवलेला होता. मी सगळ्या चौकटी उलटून सह्या तपासल्या. एकही त्रुटी सापडली नाही. त्या दिवसापासून मी त्यांचा आदर करू लागलो. आत्याच्या जयंतीला घरात खीर होई आणि व्याही शहर बसने पंचवटीपर्यंत जाऊन येत, का तर आत्याची आठवण म्हणून. एका वर्षी मीही सोबत होतो. वाटेत द्वारक्याच्या थांब्यावर कडेवर मूल घेतलेली एक बाई चढली आणि हे चटकन उठून उभे राहिले. "व्याही, आज तरी बसून राहायचे होते," मी म्हणालो. "उठवलं तर उठायचं नाय," ते म्हणाले, "आपल्याला वाटलं तर उठायचं. आत्याचं म्हणणं एवढंच होतं." दर रविवारी ते 'गोरी वधू पाहिजे' अशा जाहिरातींची कात्रणे घेऊन येत आणि माझ्यासमोर ठेवीत. "घ्या शिरस्तेदार, काढा जाळ." मग मी त्या त्या संपादकाला समतेच्या हक्काची आठवण करून देणारे पत्र लिही. छापले क्वचितच जाई. लिहिण्याचे समाधान मात्र दोघांत विभागून मिळे.

त्यांची एकच इच्छा होती. आत्याची तसबीर वसाहतीच्या वाचनालयात, दर्शनी भिंतीवर लागावी. समितीपुढे ते कित्येक वर्षे अर्ज करीत होते, मसुदा अर्थातच माझा. शेवटी एका तसबिरीला मंजुरी मिळाली. नेमकी त्याच आठवड्यात त्यांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, म्हणून मोठी प्रत काढण्याचे काम नाक्यावरच्या फोटो स्टुडिओवाल्याकडे सोपवले. त्याने घरची तसबीर न नेता इंटरनेटवरूनच चित्र शोधले, प्रत काढली आणि भिंतीवर लावलीही. जयंतीला सभा भरली. व्याही काळा चष्मा लावून पुढच्या खुर्चीत बसलेले. प्रमुख पाहुणा मी. मी हार घातला आणि न्याय या विषयावर अर्धा तास बोललो. खाली उतरलो तर माझी मुलगी हलकेच म्हणाली, "बाबा, ह्या आत्या नाहीत. दुसऱ्याच कुणीतरी आहेत."

स्टुडिओवाला गोंधळला. "काका, चष्मा बघून घेतला हो. ह्या लोकांचे चेहरे सारखेच दिसतात ना." सभागृहात कुणीतरी हसले. व्याही हसले नाहीत. "कारखान्यात लागलो तवा," ते सावकाश म्हणाले, "आमच्या वस्तीतले आम्ही तिघं होतो. सायेब एकाची हजेरी दुसऱ्याला लावायचा. म्हणायचा, तुमी सगळे सारखेच दिसता." नंतर कुणी हसले नाही. समितीच्या चिटणिसांनी मात्र तसबीर उतरवली आणि मंजुरी स्थगित केली.

त्याच संध्याकाळी स्टुडिओवाल्याला द्यायच्या नोटिशीचा चार पानी मसुदा घेऊन मी व्याह्यांकडे गेलो. त्यांनी तो माझ्याकडून वाचून घेतला. "लय झकास," ते म्हणाले. "दोन प्रती काढा. एक तुमच्या नावानं." मी मसुद्याची घडी करून खिशात घातली. अकरा वर्षे त्या घरात आत्यासमोर बसून मी चहा प्यालो होतो आणि शस्त्रक्रिया माझ्या डोळ्यांची झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टुडिओवाल्याला बोलावून भिंतीसमोर बसवले आणि एकेका चेहऱ्याची हकिगत सांगितली. त्याच्या शेजारच्या खुर्चीत मीही बसलो होतो.

समितीचे मन वळायला आणखी दोन वर्षे आणि माझे सात अर्ज लागले. तोवर व्याही अंथरुणाला खिळले होते. खरी तसबीर मी आणि स्टुडिओवाल्यानेच लावली आणि थेट त्यांच्याकडे गेलो. "तीच हाय ना?" त्यांनी विचारले. "तीच," मी म्हणालो, "मी घरच्या तसबिरीशी ताडून पाहिली." त्यांनी समाधानाने डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "अन् ती दुसरी? तिचं काय केलंत?" ती वाचनालयाच्या कपाटामागे गुंडाळून ठेवलेली होती, हे मला सांगावे लागले. "हार घातला होता तिला तुमी," एवढेच ते म्हणाले. त्या पंधरवड्यात ते गेले.

ती तसबीर आता माझ्या बैठकीत आहे. मुलीने पुष्कळ शोधले. मूळ छायाचित्राखाली केवळ 'मोर्चातील एक स्त्री' एवढाच उल्लेख आहे. चष्मा आहे, ओठ घट्ट मिटलेले आहेत, डाव्या भुवईवर लहानसा व्रण आहे. आता मी तिला कोणत्याही गर्दीत ओळखू शकेन. तिचे नाव कळावे म्हणून मी परदेशातल्या ग्रंथालयांना पत्रे लिहीत असतो. त्यांतल्या एकाने शोध चालू असल्याचे कळवले, तेव्हा पत्र हातात घेऊन मी नाशिकरोडला निघालो आणि बस द्वारक्याला पोहोचल्यावर, ते आता वाचून दाखवायचे कुणाला, हे माझ्या लक्षात आले.