डाव्या कोपऱ्यातला आवाज

सुखदेव गेल्याचं मला आठ दिवसांनी कळलं, तेही मंगरूळपीरच्या बसस्टँडवर. त्याचा मेहुणा शिरपूरच्या गाडीची वाट पाहत उभा होता. मी सहज म्हटलं, सुखदेवला सांगा, रेकॉर्ड प्लेअरची सुई बदलायची आहे, एकदा येऊन जा म्हणावं. तो म्हणाला, "भाऊजी मागच्या मंगळवारी गेले न. तुमाले कोनी सांगतलं नाही काय?" कोण सांगणार होतं? आमच्या घरून त्याला निरोप जायचा तो काही बिघडलं म्हणूनच. त्याच्या घरून आमच्याकडे निरोप यायची रीतच नव्हती. विहिरींच्या कामावरची धूळ छातीत बसली होती म्हणे. चाळिशीसुद्धा गाठली नाही. या गोष्टीला महिना झाला, आणि लिहायचं म्हटलं की त्याच्याआधी माझंच तोंड डोळ्यांपुढे येतं...

शिरपूरच्या शाळेत आम्ही मॅट्रिकपर्यंत एका बाकावर होतो. पुढे मी वडिलांच्या दुकानात बसलो आणि तो रेडिओ दुरुस्त करायला लागला. कोणाकडे शिकला नाही. देवानं, म्हणजे तो देव मानत नव्हता तेव्हा त्याच्या मायनं म्हणू, त्याला कान असे दिले होते की लग्नाच्या मांडवात उभा राहून तो सांगायचा, चौथ्या भोंग्याची तार सैल आहे. वर चढून पाहिलं की सैलच असायची. लोक हसत, याचे कान हरणाचे आहेत म्हणत. माझे कान कसले आहेत ते पुढे कळलंच.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी आम्ही नवं घर बांधलं. बैठकीला सागवानी फळ्यांचं खालचं छत, म्हणजे तक्तपोशी केली, वर टिनाचं छप्पर. बाबा मुंबईला एका नातेवाइकाकडे जाऊन आले आणि त्यांच्या डोक्यात एकच बसलं : त्यांच्याकडे आवाज छतातून येतो, चारी बाजूंनी, जणू माणूस आवाजाच्या मधोमध बसला आहे. आपल्याकडेही तसंच पाहिजे, पर्युषणात प्रवचनं लावता येतील. मी सुखदेवचं नाव सुचवलं. त्यानं होकार दिला तो आमच्या प्रेमापोटी नव्हे. मंगरूळपीरला नवी टॉकीज उभी राहत होती, तिचे एक भागीदार बाबांचे स्नेही होते, आणि आमच्याकडचं काम ऐकून तिथला आवाज कोणाकडे द्यायचा ते ठरवणार होते. सुखदेव मला म्हणाला होता, "हे एक काम भेटलं ना अभय, तं मंग मांडवातले भोंगे बांधनं सुटलं."

तीन दिवस तो तक्तपोशी आणि टिनाच्या मधल्या जागेत पोटावर सरपटत होता. फळ्यांना गोल भोकं पाडून त्यानं चार कोपऱ्यांत चार स्पीकर बसवले आणि प्रत्येकाच्या मागे आवाज कमी-जास्त करायचं एकेक बटण ठेवलं. त्याच जागेखाली, बैठकीला लागून, आमचं देवघर. तीन दिवस तो देवांच्या डोक्यावर हिंडला, त्याचं कोणाला काही वाटलं नाही. मिस्त्री हिंडतो, सुतार हिंडतो, तसा तो. शेवटी चारी आवाज सारखे करायचे राहिले. तो खाली उतरला, हातपाय धुतले, अंग झटकलं आणि बाबांना म्हणाला, "काकाजी, मी मधातल्या गादीवर बसून आयकतो, अभय वरतं बटनं फिरवते. दोन मिनिटाचं काम हाय."

बाबा रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत, तेच तर वाईट. गादीवरची पांढरी चादर त्यांनी हातानं उगाच सारखी केली आणि म्हणाले, "तू जाय वर. आयकाले अभय बसते."

सुखदेव पुन्हा वर गेला. मी गादीवर बसलो. तो एकेक बटण फिरवून वरून विचारायचा, आता कसं? डावा कोपरा जास्त बोलत होता, हे माझ्यासारख्यालाही कळत होतं. पण बाबा दारात उभे, मला मेल्याहून मेल्यासारखं झालेलं, एकदाचं हे संपावं एवढंच मनात. मी ओरडून सांगितलं, बरोबर आहे, उतर खाली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. रेकॉर्ड लागली. टॉकीजवाले बाबांच्या शेजारी गादीवर बसले होते, थोड्या वेळानं त्यांनी डाव्या कानावर हात धरला. याच बाजूनं कान किटून राहिला, म्हणाले. दाराशी उभ्या असलेल्या सुखदेवनं पुन्हा तेच सांगितलं, काकाजी, दोन मिनिटं मी तिथं बसतो, लगेच जमते. बाबा म्हणाले, आता पाहुणे बसले आहेत, उद्या पाहू. मग पाहुण्यांकडे वळून, त्याला ऐकू जाईल अशा बेतानं, पोट्टं आपल्या मनानंच शिकलं आहे, एवढं चालायचंच. सुखदेवनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी कपबशा गोळा करायला लागलो. आमच्या घरात मी कधी कपबशी उचलली नव्हती.

अंगणात त्यानं मला गाठलं. "काल तुले फरक आयकू नव्हता आला काय?"

"नव्हता आला," मी म्हणालो.

टॉकीजचं काम नागपूरच्या माणसाला गेलं. 'उद्या' कधी आला नाही. सुखदेवच्या कामाला कसर राहते, ही गोष्ट मात्र आजूबाजूच्या गावांत, पार इंझोरीपर्यंत पोचली, आणि मांडवाचे भोंगेही दुसऱ्यांकडे जाऊ लागले. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला, जिकडेतिकडे विहिरी खोदणं निघालं, आणि तो सुरुंग लावणाऱ्यांच्या टोळीत गेला. ज्याला तारेची कुरकुर ऐकू यायची तो माणूस सुरुंगांच्या धडाक्यात पाच वर्षं राहिला. याला मी नशीब म्हणत नाही. नशीब म्हटलं की सगळ्यांची सोय होते.

बाबा वारले आणि वर्ष व्हायच्या आतच मी त्याला बोलावलं. मोठा उदार झालो होतो. तो आला, दाराशी चपला काढून थबकला. मी म्हटलं, बस गादीवर. तो बसला, अगदी कडेला. मीच त्याला मधोमध सरकवलं, रेकॉर्ड लावली आणि शिडी चढून वर गेलो. वरून विचारलं, आता कसं? फळीच्या फटीतून पाहिलं तर तो एकदा मान इकडे करायचा, एकदा तिकडे...

"मले आता एकाच कानानं येते रे," तो खालून म्हणाला. "मले काहीच समजत नाही. तूच ये खाली, तूच सांग." मग म्हणाला, "पन या टाइमाले खरं सांगजो."

मी खाली आलो, त्याच्या शेजारी बसलो. डावा कोपरा जास्त आहे, म्हणालो. त्यानं मान हलवली आणि बटण किती फिरवायचं ते बोटानं हवेत दाखवलं. मी वर गेलो, तेवढं फिरवलं.

आता बैठकीत चारी कोपऱ्यांतून सारखा आवाज येतो. येणारे वाखाणतात. मी गादीवर बसत नाही, दाराशी उभा राहतो. त्या दिवशी घड्याळ पाहिलं नव्हतं, पण वर जाऊन बटण फिरवून खाली यायला मला दोन मिनिटंही लागली नसतील.