आईची निळी घागर

"घर आवरलंय. जुनं प्लास्टिक समदं शेडवर न्हेलंय. आईची घागर पायजे आसंल तर आजच ये." सकाळी दादाचा असा फोन आला आणि मी साताऱ्याहून आटपाडीची एसटी पकडली. दादाचं हे असंच. आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

दहिवडीच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. टपरीवर सगळ्यांनी गरम भजी खाल्ली. मला काही ती गोड लागेनात. दादा शेडमध्ये जुन्या प्लास्टिकचे पाइप करतो; डोळ्यांपुढे त्याची मशीन फिरत होती. आई गेली, तिची लुगडी वाटून टाकली. उरली होती ती एवढीच घागर.

म्हसवड सोडलं आणि माझा माळ सुरू झाला. लहानपणी इथं नुसती कुसळं आणि टँकरमागची धूळ. आता डाळिंबाच्या बागा आणि त्यांत ठिबकच्या काळ्या नळ्या. पाणी आलं गं बाई! बरं वाटलं, आणि उगाच रडूही आलं.

शेडमध्ये वहिनी माल निवडत बसली होती. घागरी-बादल्या एकीकडे, पाण्याच्या बाटल्या दुसरीकडे.

"मिसळलं की पाइप तडकतोय, वन्सं (नणंदबाई)," ती म्हणाली.

निवडलेल्या मालाचा मशीन चुरा करते. तो धुऊन, वाळवून, वितळवला की मणी होतात आणि मण्यांचे पाइप. पातळ पिशव्या दादा घेत नाही. त्या रस्त्याच्या डांबरात घालायला जातात.

ढिगातल्या घागरींवर ऑइलपेंटनं नावं होती. टँकरच्या रांगेत घागर ठेवायची तर नाव हवंच, आणि तेही घरातल्या पुरुषाचं. अण्णांचं, म्हणजे वडिलांचं नाव शोधत मी अख्खा ढीग उपसला. कुठंच नाही.

"गिळली तुझ्या मशिनीनं!" मी दादावर ओरडले आणि तिथंच बसून रडले.

"आवं वन्सं, आण्णांचं नाव कशाला हुडकताय?" वहिनीनं एक निळी घागर पुढं केली. तिच्यावर माझं नाव होतं. सुमन.

"तुमचं लगीन झालं, तवा आत्याबाईंनी (सासूबाईंनी) रंगवून घेतलं. टँकरवाला 'सुमनऽऽ' म्हणून पुकारायचा, की त्या ओ द्यायच्या. म्हणायच्या, तेवढंच पोरीचं नाव कानावर पडतंय."

घागरीला तडा गेलाय, पाणी राहायचं नाही, असं दादा म्हणत होता. मी ऐकलं नाही.

परतीच्या गाडीत ती मांडीवर घेऊन बसले. साताऱ्यात मला कुणी आई म्हणतं, कुणी काकू, कुणी आजी. नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नाही. माळ मागं पडत होता, तेव्हा मी हळूच म्हटलं, "सुमन."

ओ द्यायला आई नव्हती.