हरिचंद्र भोपींचे टोचेवाले चाकू

खरवईच्या हरिचंद्र भोपींनी तेहतीस वर्षं मांडव बांधले. लग्नाचे, सत्यनारायणाचे, नेत्यांचे, बाराव्याचे. हातातल्या दोराकडे न बघता गाठ मारायची आणि मारतामारता बाजूच्याशी भांडायचं, ही त्यांची ख्याती. पण मांडव बांधणाऱ्याची खरी परीक्षा मांडव सोडताना होते. सुती दोर दवाने फुगतो, गाठ दगडासारखी होते, आणि दोर कापला तर मालक आईबापासकट उद्धार करतो. पोरं दातांनी गाठी सोडवायची. हरिभाऊंचा एक दात त्यातच गेला.

दात गेला त्याच महिन्यात ते उल्हासनगरला जुन्या पायपांसाठी गेले होते. भंगाराच्या दुकानात, बिजागऱ्यांच्या ढिगात, त्यांना एक घडीचा चाकू सापडला. काळी, खरखरीत मूठ, बुटकं रुंद पातं, आणि पाठीवर घडी होऊन बसलेला जाडजूड टोच्या, दाभणासारखा अणकुचीदार. दुकानाच्या गल्ल्यावरचा धर्मेश तेव्हा नुकताच मिसरूड फुटलेला. तो म्हणाला, "साईं, ये लढाई के टाइम का माल है. इधर फौज की छावनी थी ना, उनका."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या कात्रपच्या एका मांडवात हरिभाऊंनी तो टोच्या गाठीत खुपसला, मनगट जरा फिरवलं, आणि गाठ उमलली. सगळे कामगार बघत राहिले. तिथून हरिभाऊंना चाकूंचं वेड लागलं ते आजतागायत.

एकाचे दोन झाले, दोनाचे दहा. सगळे सारखे असते तर बहुधा तिथेच थांबलं असतं. पण एकाची मूठ शिंगाची, दुसऱ्याची काळ्या बॅकेलाइटसारखी. एकाला डबा फोडायचा आकडा, दुसऱ्याला नाही. कोणाची कडी तांब्याची, कोणाची लोखंडी. एखाद्याला तर टोच्याच नाही. कोणी हे का बदललं असेल, याने हरिभाऊंची झोप उडायची. सातवी पास माणूस, इंग्रजी वाचता येत नाही. मग त्यांनी आपलीच नावं ठेवली. शिंगवाला, आकडेवाला, बोडका. प्रत्येकाला जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीचं एकेक कार्ड. बायको विठा म्हणायची, "पोरांच्या पत्रिका पण एवढ्या नीट ठेवल्या नाय तुमी. जेवाला या आता, का त्या बोडक्याला पण ताट वाढू?"

या संग्रहात अकरा चाकू आखूड टोच्याचे होते. टोच्या मुठीच्या जेमतेम अर्ध्यापर्यंत पोचणारा. त्यांचं उत्तर हरिभाऊंनी फार पूर्वीच काढून ठेवलं होतं: लढाईत लोखंड कमी पडलं, म्हणून कारखान्याने टोच्या आखूड केला. हे ते सगळ्यांना सांगत. एका शाळेत मुलांसमोरही सांगून आले होते, आणि मुलांनी वहीत उतरून घेतलं होतं.

मग कात्रपमध्ये नरेंद्र सुर्वे राहायला आले. मूळचे गुहागरकडचे, मालवाहू जहाजांवर बोसन, म्हणजे खलाशांचे मुकादम, म्हणून आयुष्य काढलेले. दोरखंडांचा माणूस. हरिभाऊ त्यांना पहिल्या दिवसापासून सारंग म्हणू लागले. सारंगांनी अकरा चाकू ओळीने पाहिले, चहा प्यायले आणि म्हणाले, "भोपी, हे घासलेले आहेत."

"कोणी घासले?"

"ज्याने वापरले त्याने. टोक मोडलं असेल, मग ग्राइंडरला लावलं. कारखान्याचा काय संबंध?"

"अकराच्या अकरा मोडले? एकाच मापाने? जहाजावर डोकं ठेवून आलात काय, सारंग?"

हा वाद चार महिने चालला. चहा मात्र एकदाही चुकला नाही.

गेल्या वर्षी अंबरनाथला, शिवमंदिराच्या वाटेवरच्या एका वाचनालयाने छंदांचं प्रदर्शन भरवलं. नाणीवाला, काडेपेट्यावाला, आणि हरिभाऊ. सूनबाई मनालीने कार्डं संगणकावर सुंदर टाइप करून दिली. 'लोखंड वाचवण्यासाठी टोच्या आखूड करण्यात आला' हे तर ठळक अक्षरांत.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी हरिभाऊ ओसरीवर बसून चाकूंना तेल लावत होते. चिंधी एका आखूड टोच्याच्या मुठीवरून फिरवताना अंगठ्याला काहीतरी लागलं. बारीकशी खळी. टोच्या संपत होता त्याच्या इंचभर पुढे. त्यांनी लांब टोच्याचा चाकू उचलला. तिथेही खळी, पण बरोबर टोकाखाली. वर्षानुवर्षं टोक मुठीवर टेकून पडलेली.

हरिभाऊंनी चिंधी खाली ठेवली. आखूड टोच्याच्या मुठीवर लांब टोच्याची खळी कशी? तो टोच्या कधीतरी लांब होता, म्हणूनच.

त्यांनी अकराही चाकू उन्हात नेऊन तिरपे धरले. पहिल्यावर खळी. दुसऱ्यावर खळी. नवव्यापर्यंत पोचले तेव्हा त्यांचा चेहरा बघून विठा हातातलं सूप ठेवून बाहेर आली.

"काय झाला? बोट कापला?"

"नाक कापलं," हरिभाऊ म्हणाले.

दहाव्या आणि अकराव्याची मूठ मात्र तिथे गुळगुळीत होती. खळी होती, पण आखूड टोकाच्याच खाली. आणि त्यांचा टोच्या बुडापासून निमुळता होत गेला होता, बाकीच्यांसारखा मध्येच घासून संपलेला नव्हता. हे दोन जन्मापासूनच आखूड.

कार्डं नव्याने टाइप करायला वेळ होता. कार्ड गुपचूप बदलायचं, सारंगांना काही बोलायचं नाही, असाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला; तो त्यांनी स्वतःच नंतर सगळ्यांना सांगितला. पण त्या शाळेतल्या वह्या काही बदलता येणार नव्हत्या. संध्याकाळी अकराही चाकू घेऊन ते चालत कात्रपला गेले आणि दारातूनच म्हणाले, "सारंग, नऊ तुमचे. दोन माझे."

सारंगांनी चष्मा शोधला, खळ्या बघितल्या, बोट फिरवलं. मग ते दोन चाकू त्यांनी वेगळे काढले. "हे दोन मी हिशेबात धरले नव्हते," ते म्हणाले. "माझंही चुकलंच म्हणा."

दुसऱ्या दिवशी टेबलावर अकरा चाकू दोन गटांत मांडले होते. नऊंच्या कार्डावर हरिभाऊंनी पेनाने लिहिलं होतं: 'हे टोचे वापरणाऱ्यांनी घासले. का घासले, ठाऊक नाही. आधी मी चुकीचं सांगत होतो.' मनाली म्हणाली, "बाबा, शेवटचं वाक्य कशाला? छान दिसत नाही." ते वाक्य त्यांनी राहू दिलं.

दुपारी देवदर्शन करून एक म्हाताऱ्या बाई सावलीसाठी आत शिरल्या. अंजनी गायकवाड, ऐंशीच्या पुढच्या. कार्डं वाचण्याच्या भानगडीत न पडता त्यांनी घासलेला एक चाकू सरळ उचलला, मिटला, आणि कमरेशी लुगड्याच्या केळ्यात खोचून बघितला.

"अहो आजी, जपून!" हरिभाऊ ओरडले.

"आता काय व्हतंय? घासलाय की," अंजनीबाई म्हणाल्या. "माझा बाप कॅम्पात तंबू ठोकायचा. त्याच्याकडं असलाच व्हता. लांब टोक खिशातनं बाहेर यायचं आन् मांडीत घुसायचं. हरेक पायजम्याला हितं भोक. ठिगळं लावून लावून आई वैतागली. म्हणली, एकतर चाकू ऱ्हाईल नायतर मी. मग बापानं दगडावर घासला. त्याचं बघून समद्या तंबूवाल्यांनी घासले. बायका समद्यांच्याच वैतागल्या व्हत्या!"

सारंग खुर्चीत मागे रेलून इतके हसले की काडेपेट्यावाला उठून बघायला आला. टोक मोडलं म्हणून घासले, हे त्यांचं म्हणणंही त्यातच गेलं. हरिभाऊंनी घाईघाईने विचारलं, "आजी, तो चाकू कुठे आहे?"

"घरात. पोत्याच्या शिवणी उसवाया लागतो मला."

"मला द्याल?"

"न्हाय."

असं स्वच्छ उत्तर हरिभाऊंनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. "बरं, नुसता बघायला?"

त्याला त्या तयार झाल्या. पुढच्या सोमवारी हरिभाऊ आणि सारंग त्यांच्या घरी गेले. अंजनीबाईंनी फळीवरून चाकू काढून दिला. हरिभाऊंनी तो पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ ओढली. टोच्या अर्ध्यावर संपला होता, आणि तिथून इंचभर पुढे, मुठीवर, खळी होती. हरिभाऊंनी कागदावर तेवढ्या जागी एक टिंब दिलं आणि वर तंबूवाल्याचं नाव विचारून लिहिलं: शिवराम. सारंग म्हणाले, "त्याच्या बायकोचंही लिही, भोपी. डिझाइन तिचं आहे."

अंजनीबाईंनी आईचं नाव सांगितलं, आणि चाकू पुसून परत फळीवर ठेवला.