शिळ्या पाण्यातले गप्पी

गप्पी मासा मला लहानपणापासून माहीत आहे. आमच्या गावी तो सरकारी मासा होता. आरोग्य खात्याची माणसं तो डब्यातून आणायची आणि विहिरीत, हौदात सोडायची. त्यानं डासांच्या अळ्या खायच्या आणि गावाचा हिवताप घालवायचा, एवढंच त्याचं काम. त्याला कोणी खायला घालत नव्हतं, तो आजारी आहे का हे कोणी बघत नव्हतं. दिसायलाही मळकट होता. तोच मासा इथे साउथहॅम्प्टनला माझ्या मुलाच्या घरी काचेच्या टाकीत राहतो, लाल-निळी शेपटी मिरवत. त्याला वेगळा हीटर आहे, दिवा आहे, पाणी गाळायला फिल्टर आहे. माझ्या खोलीतला हीटर रात्री बंद होतो. त्याचा होत नाही.

टाकी नातीची. ती मँचेस्टरला युनिव्हर्सिटीत गेली आणि मासे आमच्या गळ्यात घालून गेली. मुलगा हॉस्पिटलात डॉक्टर. सून वरच्या खोलीत कॉम्प्युटरवर काम करते. आठवण झाली की ती जाता-येता माशांना चिमूटभर टाकायची, नाही झाली तर नाही.

उन्हाळ्यात दोघांनी पोर्तुगालला जायचं ठरवलं. मला विमान सोसत नाही, म्हणून मी म्हटलं, मी घरी राहते. त्यांचं म्हणणं, मी क्रॉयडनला जावं, माझ्या भाच्याकडे. तिथे मी एकदा राहून आले आहे. त्या भाच्याची सासू सकाळपासून मोबाईलवर प्रवचन लावते आणि मधेमधे थांबवून मला त्याचा अर्थ सांगते. मला तो पहिल्यांदा ऐकतानाच कळलेला असतो.

"आई, तुझं वय काय?" मुलगा जेवताना म्हणाला.

"तूच सांग. डॉक्टर तू आहेस."

"एकटी असताना काही झालं तर कोणाला सांगशील? इंग्लिश येत नाही. शेजारी कोणी ओळखीचं नाही. परवा दूध उतू गेलं ते कळलंसुद्धा नाही तुला."

"दूध तुझ्या बायकोनं ठेवलं होतं."

सून ताटात बघत राहिली.

नात टेबलावरच्या फोनमधून हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "आजीला माझी फिश दे ना. आजीनं नीट सांभाळला तर ती घरी राहील. ट्रायल." नातीच्या मराठीत मासा एका वाक्यात बाई असतो आणि दुसऱ्या वाक्यात पुरुष. मी चुका काढत नाही, नाहीतर ती बोलायचीच बंद होईल.

मुलाला ही अट फार आवडली. मी हरणार याची त्याला खात्री होती. असं ठरलं की त्यांच्या जाण्यापर्यंत टाकी माझ्याकडे. मासे नीट राहिले तर मी घरी, नाहीतर क्रॉयडन.

नातीनं फोनवर सगळं सांगितलं. खाणं दिवसातून एकदा आणि अगदी कमी. दर आठवड्याला थोडं पाणी काढून तेवढंच नवं घालायचं. मी हो हो म्हटलं आणि खुर्ची टाकीसमोर ओढून बसले. नर दिवसभर माद्यांच्या मागे फिरतात, दुसरा उद्योग नाही. माद्या महिन्या-महिन्याला वितात आणि वळून स्वतःचीच पिल्लं खातात. एवढी वर्षं मला वाटायचं की आमच्या नात्यातच माणसं वाईट आहेत.

पण मला त्या पाण्याचं काही बघवेना. सकाळी उठलं की कालचं पाणी ओतायचं, हंडा घासायचा आणि ताजं भरायचं, हे माझ्या हाताला लहानपणापासून लागलेलं वळण. कालचं पाणी शिळं. ते झाडाला घालावं, पायावर घ्यावं, पण कोणाला प्यायला देऊ नये. देवाला तर नाहीच. आणि इथे हे जीव महिनोन्महिने त्याच पाण्यात. जेवण त्यातच, बाकीचंही त्यातच. थोडं बदल म्हणजे काय? शिळ्या आमटीत पळीभर ताजी ओतली म्हणून ती ताजी होते का?

एका सकाळी सूनबाईंची मीटिंग सुरू झाली आणि वरचं दार बंद झालं. मी चहाच्या गाळणीनं मासे धरून पातेल्यात ठेवले. टाकी रिकामी केली. खडे निवळ पाणी येईपर्यंत धुतले. काच घासली. फिल्टरमध्ये एक स्पंज होता, काळाकुट्ट आणि बुळबुळीत. तो नळाखाली पिळून पिळून पांढरा केला. साबण लावला नाही, एवढी अक्कल होती. मग नळाचं ताजं पाणी भरलं, किटलीतलं थोडं गरम घालून कोमट केलं आणि मासे सोडले. टाकी अशी झाली की पाणी आहे की नाही ते कळू नये.

दुपारी बघते तर सगळे मासे वर येऊन तोंड उघडून लटकलेले. शेपट्या मिटलेल्या. सगळ्यांत मोठा नर तळाला आडवा पडला होता. मी नातीला फोन लावला.

"आजी, सगळी पाणी बदललीस?"

"शिळं होतं."

"आणि स्पंज? स्पंज नाही ना धुतलास?"

"काळा होता."

ती म्हणाली, "आजी, तो काळाच पाहिजे. त्यात बॅक्टेरिया राहते. फिशची घाण ती खाते. आता घाण कोण खाणार? आणि टॅपच्या पाण्यात औषध असतं, त्यानं फिशला त्रास होतो. सिंकच्या खाली निळी बॉटल आहे, त्यातले ड्रॉप्स टाक आधी."

मी थेंब टाकले. "आता ते बॅक्टेरिया कुठून आणू? दुकानात मिळतात?"

"कोणाची जुनी टँक असेल तर त्यांचा घाणेरडा स्पंज थोडा आणायचा. मग आपल्या टँकमध्ये पण वाढतात."

"म्हणजे विरजण," मी म्हटलं.

"विरजण काय असते?"

"आईला विचार. नको, तिलाही माहीत नसेल. ती दही डब्यातलं आणते."

मला आता सगळं कळलं होतं. शेजारच्या घरात एक म्हातारा गोरा राहतो, त्याच्या खिडकीत मोठी हिरवट टाकी आहे. आमच्या घरातलं कोणी त्याच्याशी कधी बोललेलं नाही. कचऱ्याचे डबे बाहेर काढायच्या दिवशी सून त्याला हात हलवते, तेवढंच. मी स्टीलची वाटी घेतली. वर सुनेचं बोलणं चालू होतं. चोरून गेले असं म्हणणार नाही. दार जरा हळू लावलं.

म्हाताऱ्यानं दार उघडलं, आधी माझ्याकडे आणि मग वाटीकडे बघितलं.

"माय गप्पी सिक," मी म्हटलं. "यू गिव्ह डर्टी स्पंज."

त्याला मी वेडी वाटले असणार. मी त्याच्या खिडकीकडे बोट केलं, मग आमच्या घराकडे, मग हातानं पिळल्यासारखं करून दाखवलं. त्याचा चेहरा बदलला.

"वॉश्ड इट, डिड यू, लव्ह?"

"यस."

"अंडर द टॅप?"

"यस. फुल क्लीन."

त्यानं कपाळाला हात लावला. ही खूण आपल्याकडे आणि त्यांच्याकडे एकच आहे. लव्ह म्हणाला ते मी सोडून दिलं. इथे बसवालाही म्हणतो. आमच्याकडे नवऱ्यानं जन्मात म्हटलं नव्हतं.

त्यानं कात्रीनं आपल्या स्पंजचा अर्धा तुकडा कापला, वाटीत टाकला आणि वर त्याच्याच टाकीतलं पाणी घातलं, वाळू नये म्हणून. विरजण देणारी बाई याहून निराळं काय करते? मग काठी घेऊन स्वतःच माझ्याबरोबर आला, तुकडा आमच्या फिल्टरमध्ये बसवला आणि बोट हलवून सांगितलं की आज नो फूड, उद्याही नो फूड. वर मीटिंग चालूच होती. सुनेच्या घरात परका पुरुष येऊन गेला आणि तिला पत्ता नाही.

मोठा नर संध्याकाळी मेला. नातीनं विचारलं, त्याला नीट निरोप दिलास का. मी म्हटलं, कढीपत्त्याच्या कुंडीत पुरला आहे. कढीपत्त्याला बरं असतं.

मुलगा हॉस्पिटलातून येऊन बूट काढत होता तेवढ्यात बेल वाजली. सुनेनं दार उघडलं. म्हातारा म्हणाला, त्या बाईंचे मासे कसे आहेत बघायला आलो. सून बाजूला झाली. तो सरळ टाकीपाशी गेला, वाकून बघितलं, मला अंगठा दाखवला आणि निघून गेला.

"अहो आई, हे काय चाललंय?"

मी सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काय आहे? मेलेला मासा कोणीही मोजू शकतो.

"म्हणजे झालं," मुलगा म्हणाला. "क्रॉयडनला फोन करतो."

"थांब रे जरा," सून म्हणाली. "आपल्याला भीती कसली होती? काही बिघडलं तर आईंना कळणार नाही, आणि कळलं तर त्या कोणाला सांगू शकणार नाहीत. त्यांना कळलं. त्यांनी मँचेस्टरला फोन केला, शेजारून माणूस आणला. मी घरात असून मला काही माहीत नाही."

"पण मासा मेला ना?"

"तुझ्या हॉस्पिटलात सगळेच जगतात का?" मी विचारलं.

सून हसायला लागली आणि मुलाचा फोन खिशात गेला. पण हट्टी आहे, माझाच मुलगा. म्हणाला, बाकीचे आम्ही जाईपर्यंत जगले पाहिजेत.

जगले. आता मी पाव टाकीएवढंच पाणी बदलते. ते आदल्या दिवशी बादलीत भरून, थेंब टाकून ठेवते. म्हणजे मी मुद्दाम शिळं पाणी करते. मला अजून ते पटत नाही, पण मासे टुणटुणीत आहेत. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच एकदा हलकासा पिळते आणि काळाच्या काळा परत ठेवते. म्हातारा म्हणाला आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवलेले बरे, पोट साफ राहतं. माझा सोमवार असतो, म्हणून त्यांचाही सोमवार धरला. मी साबुदाण्याची खिचडी खाते, ते काहीच खात नाहीत. त्यांचा उपास माझ्यापेक्षा कडक. म्हाताऱ्यानं दिलेलं शेवाळ टाकल्यापासून काही पिल्लं त्यात लपून आयांच्या तोंडातून वाचली आहेत.

तिकिटं निघाली. क्रॉयडनचं नाव कोणी काढलं नाही. निघायच्या आधी सुनेनं म्हाताऱ्याला घराची किल्ली आणि आपला नंबर दिला आणि रोज एकदा माझ्याकडे डोकावून जायला सांगितलं. मला राग आला. त्याच दिवशी म्हाताऱ्याच्या मुलीचा सुनेला फोन आला. ती लांब कुठेतरी राहते. ती म्हणाली, तुमच्या सासूबाई घरी आहेत असं कळलं, फार बरं झालं. बाबा शिडीवर चढतात, गोळ्या विसरतात. त्या जरा लक्ष ठेवतील का?

"मग कोणी कोणावर लक्ष ठेवायचं?" मुलगा म्हणाला.

"तू पोर्तुगालला जा," मी म्हटलं.

ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा किल्ली असून बेल वाजवून आला. मासे बघितले, मला बघितलं, मान हलवली. मी विचारलं, टॅब्लेट? तो यस यस म्हणाला. खोटं बोलत होता, ते कळायला इंग्लिश लागत नाही. मी त्याला दार दाखवलं आणि गोळ्या घेऊन मग चहाला ये म्हणून परत पाठवला.