सुईकाकांच्या भरलेल्या ओळी

सुईकाकांनी बावीस वर्षांत एकही बीजाणू मारला नव्हता. मला हे पक्कं ठाऊक आहे, कारण बावीस वर्षं ते हेच ऐकवत आले. मी त्याच प्रयोगशाळेत यीस्टसाठी मीडिया, म्हणजे त्याचं खाणं, शिजवायचे, वापरलेल्या काचेच्या प्लेटा धुवायचे. माझ्याशी बोलताना काकांचं नाक कायम वर.

काम नाजूक होतं, ते कबूल. यीस्टला उपाशी ठेवलं की एका पेशीचे चार बीजाणू होतात, एकाच पिशवीत. त्याआधी पेशीतली गुणसूत्रं आपापले जोडीदार शोधतात, एका कण्यावर वेटोळी घालून शेजारी शेजारी उभी राहतात आणि मग त्यांची वाटणी होते. वाटणी चुकली की बीजाणू मरतो. काका सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईने ते चारही सुटे करून प्लेटवर ओळीत ठेवत. तीन दिवसांनी ज्याचा ठिपका उगवला तो जिवंत.

काकांच्या वहीत सगळ्या ओळी भरलेल्या. कारण साधं होतं. एखादा ठिपका उगवला नाही, तर काकांचा हात हलला असं कुणी म्हणेल, म्हणून ती ओळ ते वहीत उतरवतच नसत. चांगल्या यीस्टमध्ये अशा ओळी शंभरात दोन-चार, त्यामुळे खपून गेलं. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, वही बघत. प्लेटा मी बघे.

मग पीएचडीवाली मुलगी आली. तिने यीस्टमधून तो कणा बनवणारं एक प्रथिन काढून टाकलं होतं. तिच्या फोटोंत गुणसूत्रं धड उभी नव्हती, नुसता गुंता. पण त्या यीस्टचे बीजाणूही काकाच सुटे करत, आणि त्यांच्या वहीत सगळे ठणठणीत. सर म्हणाले, "फोटो चुकताहेत. महिन्याभरात जुळवा, नाहीतर विषय बदला." चार वर्षांचं काम होतं तिचं. तिने रंग बदलले, भिंग बदललं, जेवण सोडलं. काका तिला म्हणाले, "आधी डोळे तपासून घे."

आणि धुण्याच्या टबात माझ्यासमोर तिच्या यीस्टच्या, काकांनीच केलेल्या प्लेटा, निम्म्याहून जास्त ओळींत ठिपक्यांच्या जागा रिकाम्या. मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. तीन आठवडे मूग गिळून मी त्या घासत राहिले. काकांशी वाकडं कोण घेणार?

चौथ्या आठवड्यात मुलगी माझ्याकडे रिकामी खोकी मागायला आली, टेबल आवरायला. खोकी मी दिली नाहीत. न धुतलेल्या नऊ प्लेटा उचलल्या आणि सरांच्या टेबलावर नेऊन मांडल्या. प्रत्येकीच्या मागे काकांच्या मोत्यासारख्या अक्षरात तारीख.

सरांनी काकांना आणि मुलीला बोलावलं. "हे काय?"

काकांनी एक प्लेट उलटून तारीख पाहिली. मग खाली मान घालून म्हणाले, "हात हलला, सर."

बावीस वर्षं जे कुणी म्हणू नये म्हणून खोटी वही लिहिली, ते वही वाचवायला स्वतःच म्हणाले. मला शिसारी आली.

"त्याच दिवशी साध्या यीस्टच्या प्लेटा केल्यात, काका," मुलगी नऊतल्या तीन प्लेटा पुढे सरकवत हळूच म्हणाली. "या बघा. सगळ्या भरलेल्या आहेत. तिथे नाही हलला?"

काकांनी हातातली प्लेट खाली ठेवली. हात हललाच नव्हता. मेलेले बीजाणू गुणसूत्रांच्या गोंधळानेच मेले होते, आणि इतका नेमका हात होता म्हणूनच ते कुणालाही पटणार होतं. सरांनी त्याच खोलीत काकांकडून रिकाम्या ओळी नव्या वहीत उतरवून घेतल्या.

मुलीचा प्रबंध मंजूर झाला. आभाराच्या पानावर तिने लिहिलं, 'ज्यांच्या अचूक हातामुळे हे सिद्ध झालं, त्या काकांना.' काका ते पान येईल त्याला दाखवतात, बोट ठेवून. तिचा महिना कसा गेला, त्याचा एक शब्द तोंडातून निघत नाही.

माझं नाव त्या पानावर नाही. नसू दे. तीन आठवड्यांच्या प्लेटा मी धुतल्या होत्या, अगदी स्वच्छ.