सालईपाण्याचा सरदार

सालईपाणी या गावाला इतिहास नाही, हे मला एका छापील पुस्तकातून कळलं.

सालईपाणी ही माझी सासुरवाडी. कारंजा गावाच्या पलीकडे डोंगर लागतात, तिथे वर चाळीसेक घरं. मी खालचा, अल्लीपूरचा, भांड्यांचा दुकानदार. एक दिवस एक निवृत्त प्राध्यापक, सोनकुसरे सर, कुकर घ्यायला आले आणि सोबत स्वतः लिहिलेला जिल्ह्याचा इतिहास ठेवून गेले. मी आधी सालईपाणी शोधलं. सापडलं. एक ओळ होती: ‘डोंगरावरील वस्ती. पाण्याची टंचाई.’

मी फोन लावला. "सर, एवढंच?"

"अहो मनोहरराव, डोंगरावर लोक राहतात. इतिहास खालीच घडतो!"

माझी बायको शोभा शेजारी डबे पुसत होती. तिचं माहेर एका ओळीत उरकलेलं बघून तिचा चेहरा असा झाला, की मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "सालईपाण्याचा इतिहास मी लिहीन!"

"तुमी?" शोभा म्हणाली. (एका शब्दात एवढी शंका मावते, हे मला लग्नानंतरच कळलं.)

पण मी पेटलो होतो. दर बुधवारी दुकान बंद, की मोटरसायकल काढून मी डोंगरावर. शोभाची काकू, गिरजाकाकू, गावातली सगळ्यात जाणती बाई. जात्यावरची गाणी तिच्याएवढी कुणाला येत नाहीत. आता पीठ गिरणीतून येतं, जातं फिरतं ते फक्त लग्नाची हळद दळायला. म्हणजे काकू आणि तिच्या दोन मैत्रिणी गेल्या, की गाणी गेली! मी मोबाइल तिच्यासमोर ठेवला आणि म्हणालो, "काकू, जुन्यातलं जुनं गाणं म्हना."

काकूनं मैत्रिणींकडे पाहिलं. मैत्रिणींनी तोंडाला पदर लावला. मग काकूनं सूर धरला:

*आला आला सरदार खालच्या गं मुलखातून*
*लोखंडाचं घोडं त्यानं आणलं वर ढकलून*
*डोईवर काया छत्र, मव्हाच्या बुडी बसला*
*मोहोळ उठलं बाई, नाल्यात जाऊन घुसला!*

माझ्या अंगावर काटा आला. स्वारी! सालईपाण्यावर खालच्या मुलखातल्या कुण्या सरदाराची स्वारी झाली होती, आणि ती परतवली गेली होती! दोघी मैत्रिणींचे खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी वहीत लिहून घेतलं, ‘हे गीत गाताना वृद्धांना आजही अश्रू अनावर होतात.’

घरी येऊन मी टिपा लिहायला बसलो. ‘लोखंडाचं घोडं’ म्हणजे चिलखत घातलेलं घोडदळ. ते ढकलून आणावं लागलं, यावरून चिलखत किती जड असेल याची कल्पना यावी! ‘काया छत्र’, म्हणजे काळं छत्र; अर्थात हा साधा शिपाई नव्हे, छत्रधारी असामी. आणि ‘मोहोळ’? मोहोळ म्हणजे गोफणी घेऊन तुटून पडलेल्या डोंगरातल्या शूर स्त्रिया! काळ, माझ्या अंदाजाने, तीनशे वर्षांपूर्वीचा.

शोभानं वाचलं. वही मिटून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाली, "अहो, हे एक गाणं राहू द्या ना."

"काऊन?"

"असंच."

"शोभा, तुझ्या गावच्या बायांनी फौज पळवली आणि तू म्हणतेस राहू द्या? तुले तुह्या गावचा अभिमानच नाही!"

"बरं बाई, छापा मंग," असं म्हणून ती आत गेली. आतून बराच वेळ खोकल्यासारखा आवाज येत राहिला. मी तिला आल्याचा चहा करून दिला.

पुस्तक छापलं. प्रकाशन सालईपाण्यातच, शाळेसमोर सतरंज्या टाकून. सोनकुसरे सरांना मुद्दाम बोलावलं. चढ चढून त्यांना धाप लागली होती, ते बघून मला बरं वाटलं. (इतिहास वर येत नसला, तरी इतिहासकाराला यावं लागलं!) सगळा गाव जमला. मी उभा राहिलो, पान तिसरं उघडलं आणि खड्या आवाजात सरदाराची स्वारी वाचायला लागलो.

पहिल्या ओळीला बाया हसल्या. मला वाटलं, अभिमानाचं हसू. मी आवाज चढवला. ‘ढकलून’ला पुरुषही हसले. मी हातवारे सुरू केले. ‘छत्रधारी असामी’ म्हटल्यावर एक म्हातारी सतरंजीवर आडवीच झाली! मी शोभाकडे पाहिलं. ती पदराआड होती.

सर उठले. "याला काळाचा पुरावा काय?"

"तीनशे वर्षं तरी..."

"तीनशे नाई, तीस!" गिरजाकाकू बसल्या जागेवरून ओरडली. "जवाईबापू, तुमीच नाई का ते? आमच्या शोभीले पाहाले आलते ना सायकल घेऊन? सायकल ढकलून ढकलून, डोक्शावर छत्री धरून! आमी सगळ्या मव्हाची फुलं येचत होतो. तुमी झाडाखाली बसले न बिडी पेटवली. धूर लागला न आग्यामोहोळ उठलं!"

मला एकदम सगळं आठवलं. तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो होतो, की मुलगी बघायला गेलो तेव्हा पित्तानं तोंड सुजलं होतं. स्वतःचा इतिहास माणूस किती सफाईनं पुसतो!

हशा थांबेना. सर मात्र खूश झाले. "मनोहरराव, हाच का तुमचा इतिहास? एक काम करा. ते पान फाडून टाका. तुमचीच अब्रू वाचेल."

मी खरंच पान धरलं होतं. तेवढ्यात काकू गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"काऊन फाडाचं पान? घडलं नाई का ते? अन पाह्यनाऱ्या बाया अजून जित्या बसून आहे इथं. तुमच्या पुस्तकातल्या राजाले कोनं पाह्यलं जी?"

सर म्हणाले, "अहो आजी, इतिहास म्हणजे मोठ्या घटना..."

"मोठ्या? हा रस्ता, ज्याच्यावरून तुमी आले, तो आमी हातानं फोडला. सगळ्या घरच्या बाया टोपले घेऊन होत्या. माही बहीण त्या दगडाखाली गेली. त्याचं बी गानं आहे. तुमच्या पुस्तकात आहे का ते?"

कुणी हसलं नाही. सर चष्मा पुसायला लागले.

मी पान सोडलं. "सर, पान राहील," मी म्हणालो. "आणि रस्त्याचं गाणं बाराव्या पानावर आहे, त्यात काकूच्या बहिणीचं नावही आहे. तुमच्या एका ओळीत आमचं गाव मावलं नाही, आता मावणारही नाही." मग मी खिशातून पेन काढलं, सतरंजीवर मांडी घातली आणि एकेका प्रतीत ‘तीनशे’ खोडून ‘तीस’ केलं. ‘सरदार’पुढे माझं नाव लिहिलं, गावासकट. बाया बाजूला बसून गाणं म्हणत होत्या, या वेळी माझ्या तोंडावर, पदर न लावता. सर एक प्रत घेऊन खाली गेले. त्यांनी ती वाचली की नाही, माहीत नाही. आम्ही विचारायला गेलो नाही.

निघताना काकूनं मला बाजूला घेतलं. "जवाईबापू, राग नका मानू, पन एक कडवं राह्यलं. तुमच्यासमोर म्हनाची लाज वाटली मले."

"कोन्तं?"

"नाल्यातून निंगाले तवा तुमची पँट बोराटीले अटकून राह्यली होती. शोभीच्या बापाचं धोतर नेसून चहा पेले तुमी."

इतिहासकारानं काही लपवू नये. दुसऱ्या आवृत्तीत ते कडवं आलं आहे, शोभाच्या आग्रहावरून ठळक अक्षरात. खाली मी फक्त एक तळटीप जोडली: ‘सदर पँट अद्याप सापडलेली नाही. संशोधन चालू आहे.’